मान हलवल्याशिवाय

मनुरेवा या आमच्या उपनगरात मी ज्या गॅरेजला गाडी देतो, तिथले एक म्हातारे मेकॅनिक किल्ली दिल्यावरही गिऱ्हाइकाला लगेच सोडायचे नाहीत. गाडीपुढे उभे राहून हात वर करायचे. आपण त्यांच्याकडे बघून मान हलवली, की मगच हात खाली घेऊन बाजूला व्हायचे.

तरुणपणी ते ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या दोन गाड्यांच्या शर्यतीला, सुटायचा झेंडा दाखवायचे. तेव्हा इशारा देणारा दिव्यांचा खांब नव्हता. दोन गाड्यांच्या मधोमध झेंडा घेऊन उभं राहायचं, एकेका ड्रायव्हरकडे बोट दाखवायचं, दोघांनी माना हलवल्या की झेंडा वर.

"लबाड लोक झेंड्याकडे बघायचेच नाहीत," ते एकदा म्हणाले. "झेंडा उचलण्याआधी माझे गुडघे जरासे वाकायचे. ते बघून सुटायचे." म्हणून त्यांनी गुडघे ताठ ठेवायची सवय लावून घेतली. म्हातारपणीही ते तसेच, कर्कटकासारखे ताठ पायांनी चालायचे.

"दिवे आले ते बरंच झालं, अन्याय होत नाही," म्हणायचे. मग थांबून, "पण माझ्याकडे कुणी बघेनासं झालं."

गेल्या महिन्यात मला घाई होती. ऑफिसचा मेसेज वाचत मी गाडी त्यांच्या बाजूने काढली. आरशात बघितलं, तर ते हात वर करून तसेच उभे. पुढच्या वेळी सॉरी म्हणू, असं ठरवलं.

काल काउंटरवरच्या मुलीने किल्ली दिली. म्हणाली, "ते रिटायर झाले. तुम्ही मागे आलात ना, तो त्यांचा शेवटचा दिवस. शेवटची गाडी तुमचीच."

गाडीपुढे कुणी नव्हतं. तरी मला बराच वेळ गिअर टाकता आला नाही.