जांभळाची वाइन आणि आमच्या मॅडम

चार माणसं एका लॅबमध्ये वर्षानुवर्षं चहा पीत बसली की किस्से आपोआप साचतात. आमच्या लातूरच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या गायकवाड मॅडम होत्या, म्हणून जरा जास्तच साचले! मी त्यांचा लॅब असिस्टंट. मॅडम घरी जांभळाची वाइन करायच्या आणि ते कुणापासून लपवायच्या नाहीत.

*

जांभळं मॅडमच्या माहेरच्या, निलंग्याच्या शेतातली. एका वर्षी धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "आक्का, बाईमाणसानं दारू करावी का? लोकं नावं ठेवायलेत. औंदा जांभळं देत न्हाई."

"तू दर बाजारी पिऊन पडतोस, तवा कुणी नावं ठेवत न्हाई?" मॅडमनी फोन ठेवला आणि रविवारी सकाळची एसटी धरली. झाडाखाली जुनी साडी अंथरली, काठीनं फांद्या झोडायला लागल्या.

भाऊ धावत आला. "आक्का, लोकं बघायलेत!"

"बघू दे. सातबाऱ्यावर माझंबी नाव हाय!"

थोड्या वेळानं भावजय पदर खोचून जांभळं वेचायला बसली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

*

वाइन आंबून शांत झाली, की तळाला गाळ बसतो. वरची नितळ वाइन नळीनं दुसऱ्या बरणीत उतरवायची. पहिल्यांदा ते काम माझ्याकडं आलं. "नळी गाळाला लावू नको," मॅडमनी तीनदा बजावलं.

मी जोशात नळी पार तळापर्यंत नेली. दुसऱ्या बरणीत चिखल!

मला वाटलं, आता संपलो. मॅडमनी बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "महिनाभर बसू दे गाळ. तोवर तूबी गप बस!"

*

उतरवताना थोडी कमी होतेच. वर चार बोटं जागा राहिली. तिथं हवा राहिली की वाइन आंबट होते, म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरावी लागते. बॉटनीचे देशमुख सर मदतीला आलेले. मॅडम आत गेल्या तेवढ्यात सरांनी तांब्याभर पाणी ओतलं. त्या परत येताच म्हणाले, "जारचं हाय मॅडम, एकदम शुद्ध!"

"सर, वर्गात पोरं कमी आली तर बाकड्यांची हजेरी लावता का?"

सरांनी तांब्या पाठीमागं लपवला. कारण लावायचे!

दुसऱ्या बरणीसाठी मॅडमनी गंजगोलाईच्या बाजारातून काचेच्या गोट्या आणल्या. उकळून एकेक आत सोडली, वाइन वर चढत गळ्याला आली. गोट्या घेताना दुकानदारानं विचारलं होतं, "नातवाला का मावशी?"

"न्हाई. वाइनला."

*

मग कुणीतरी तक्रार केली. सकाळी हवालदार दारात. "मॅडम, तुम्ही घरी दारू गाळता म्हणे?"

मॅडम नळी हातात घेऊन तशाच बाहेर आल्या. "गाळत न्हाई, गाळ काढते! या आत, बघा."

हवालदारांनी पाऊण तास नळीतून उतरणारी वाइन बघितली. भट्टी नाही, चूल नाही. जाताना एवढंच म्हणाले, "आमच्या दारात अंजीर लई लागतात. त्याची वाइन होईल का?"

*

तक्रारीची एक प्रत कॉलेजातही पोचली. संस्थेचे अध्यक्ष कडक माणूस. त्यांची नोटीस आली : घरी मद्य बनवता हे खरं काय? लेखी खुलासा करावा.

देशमुख सर म्हणाले, "सरबत लिहा, मॅडम. दोन वर्षं राहिली नोकरीची. कशाला नडता?" मीही हात जोडले.

"आपल्या झाडाची, आपल्या हातानं केलेली. खोटं काय म्हणून लिहू?"

मॅडमनी लॅबच्या टेबलावर उभ्यानंच खुलासा लिहिला. तो देऊन यायला मीच गेलो, वाटेत उघडून वाचला :

"होय. जांभळाची. दोनदा गाळावरून काढून झाली आहे. तिसऱ्यांदा रविवारी सकाळी दहा वाजता काढणार आहे. खात्री करायची असल्यास समक्ष यावे. येताना स्वच्छ बाटली आणावी."

आठवडाभर उत्तर नाही. लॅबमध्ये कुणाला चहा गोड लागेना.

रविवारी दहाला पाच कमी असताना मॅडमच्या घरचं फाटक वाजलं. मी उघडलं. अध्यक्ष एकटेच उभे, काखेत कापडी पिशवी.

"मॅडम हायत का?" ते हळूच म्हणाले. "बाटली धुतलीय. उकळायची का न्हाई, ते खुलाशात लिहिलं नव्हतं."