नीवेसबाईंचा न चढलेला मनोरा

इटलीतल्या बोलोन्यात पदवी हातात पडण्याआधी जो थोरला मनोरा चढतो, त्याला ती पदवी कधीच मिळत नाही. हे इथे दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आता मी विद्यार्थी, आणि अर्धवेळ नोकरी त्याच मनोऱ्याच्या दारात तिकिटं फाडायची. म्हणजे मिठाईच्या दुकानात मधुमेही बसवावा तसं. दोन वर्षांत मी हजारो लोकांना वर पाठवलं आणि स्वतः पहिल्या पायरीवर डबासुद्धा ठेवला नाही.

माझं एक वेळ ठीक आहे, मी पंचवीसचा. नीवेस झाक्कांती एकसष्ट वर्षांच्या होत्या.

नीवेसबाई एकतीस वर्षं लोकांना शहर दाखवत होत्या. रोज अकराला लाल छत्री उंच धरून पंधरावीस पाहुणे घेऊन यायच्या आणि पायथ्याशी उभं राहून वरचं सगळं सांगायच्या. कुठलं छप्पर कुणाचं, टेकडीवरचं देऊळ कुठल्या बाजूला, वारा कुठून येतो. शेवटी ठरलेलं वाक्य असे : "दक्षिणेकडे तोंड करा. घंटाघराच्या डाव्या हाताला, तिसऱ्या मजल्यावर हिरव्या झडपांची खिडकी आहे. साडेअकराला माझी आई तिथून पांढरं फडकं हलवते. तुम्हीही हात हलवा, तिला बरं वाटतं."

आई म्हणजे वांडाबाई, वय अठ्ठ्याऐंशी. सकाळभर खिडकीशी बसून तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या इवल्या करंज्या, वळायच्या आणि वेळ झाली की त्यावर झाकलेलं फडकं उचलून हलवायच्या. पिठाचा धुरळा खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर. पाहुणे घामाघूम होऊन खाली आले की सांगायचे, "दिसल्या हो तुमच्या आई." नीवेसबाई खूश.

त्या स्वतः एकदाही वर गेल्या नव्हत्या. एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं, तेवढ्यात वडील अंथरुणाला खिळले. शिक्षण सुटलं, पण आशा सुटली नाही, म्हणून मनोराही चढल्या नाहीत. चोपन्नाव्या वर्षी पुन्हा नाव घातलं. दिवसा छत्री, संध्याकाळी पुस्तकं. माझ्यासारखी मुलं नोट्स मागायला त्यांच्याकडे जायची; नोट्स मिळायच्या, वर जेवायलाही मिळायचं. सात वर्षांत सगळे पेपर झाले आणि फक्त प्रबंध मांडायचा राहिला. तारीख ठरली, एप्रिलची एकोणीस.

अकरा तारखेला त्या रोव्हिगो गावच्या पेन्शनर मंडळींना घेऊन आल्या. मंडळी वर गेली आणि वीस मिनिटांनी निरोप खाली आला : एक गृहस्थ जिन्यात बसलेत, कठडा सोडत नाहीत. जिना लाकडी, अरुंद. वरचे वर अडकले, खालचे खाली.

तिकिटांच्या खिडकीत ओरियानो बसतो. एरवी अशा वेळी तोच वर जातो, पण त्या आठवड्यात त्याचा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"लोरिस, जा की," तो मला म्हणाला.

"माझे नऊ पेपर राहिलेत."

"म्हणून तर म्हणतो. तू न चढताही पास होणार नाहीस."

मी बुटाच्या नाडीत काहीतरी महत्त्वाचं शोधू लागलो. तेवढ्यात लाल छत्री माझ्या हातात आली.

"बाई, आठ दिवस राहिलेत," मी म्हणालो.

"मोजता येतं मला. माणूस माझ्या गटातला आहे." आणि त्या वर गेल्या. मी छत्री धरून उभा. इतकी जड छत्री मी त्याआधी धरली नव्हती.

जिन्यात काय झालं ते नंतर बारमध्ये त्या गृहस्थांनीच सांगितलं. नाव तुलियो, निवृत्त पोस्टमन. बाई पोचल्या तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटलेले होते.

"बाई, चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे सायकलची सीट."

"मग खाली चला."

"न बघता गेलो तर मंडळी वर्षभर चिडवतील."

"वर्षभरच? मला बेचाळीस वर्षं चिडवताहेत." बाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि आपली गोष्ट सांगितली.

तुलियो म्हणाले, "तुम्ही सोबत आलात तर येईन मी वर."

बाईंनी वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तीनशे सात पायऱ्या झाल्यात. उरलेल्या एकशे एक्क्याण्णव मला पुढच्या आठवड्यात लागणार आहेत. डोळे मिटलेलेच राहू द्या, वरचं मी इथेच दाखवते."

आणि दाखवलं. छपरं, टेकडी, वारा, शेवटी हिरव्या झडपांची खिडकी.

"हात हलवू का आईंना?" तुलियोंनी विचारलं.

"हलवा की."

त्यांनी हात हलवला आणि कठडा सुटला. बाईंनी तोच हात धरला, आणि दोघं खाली आली. तुलियो जिन्याकडे तोंड करून, उलटे, बाई एक पायरी खाली.

आता प्रश्न असा की तीनशे सात पायऱ्या म्हणजे मनोरा चढणं होतं का? गल्लीत दोन तट पडले. ओरियानोचं म्हणणं, निम्म्याहून जास्त म्हणजे झालंच. मी कायद्याचा विद्यार्थी, तेव्हा गच्चीला पाय लागत नाही तोवर गुन्हा पूर्ण होत नाही असं मत दिलं, पण नऊ पेपर राहिलेल्याचं कोण ऐकतं? वांडाबाईंनी तोर्तेल्लिनीवरून मान वर न करता निकाल दिला : "चढली तेवढी उतरलीही ना? मग फिटंफाट."

नीवेसबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आठवड्यात गटाला निरोप देऊन त्या समोरच्या फुटपाथवरून जायच्या, मनोऱ्याकडे पाठ करून. एकदा तर एक गट चुकीच्या कमानीखाली नेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

एकोणीस तारखेला सकाळी आम्ही विद्यापीठात मागच्या बाकांवर बसलो होतो. तुलियो बसने आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. प्रबंध होता जुन्या काळी कालव्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या रेशीमगिरण्यांतल्या बायकांवर. सुरुवातीला बाई कागदावरून वाचत राहिल्या. मग एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, या बायका कामाला कुठल्या रस्त्याने जात असत? झालं. बाई उठल्या, उजवा हात छत्री धरल्यासारखा वर गेला, आणि सगळ्या परीक्षकांना त्या शब्दांनीच कालव्याकाठून चालवत घेऊन गेल्या. एकानेही घड्याळ पाहिलं नाही.

एकशे दहापैकी एकशे आठ गुण.

"दोन पायऱ्यांचे कापले," ओरियानो म्हणाला आणि नाक पुसत बसला.

डोक्यावर नव्या पदवीधरांना इथे घालतात तो तमालपत्राचा मुकुट, तसाच ठेवून बाई मनोऱ्याशी आल्या. मी तिकीट फाडलं. फुकट नाही, त्यांनीच विकत घेतलं होतं. साडेअकराला त्या वर असायला हव्या होत्या, आणि असणारच होत्या. आम्ही खाली, मान वर करून उभे.

तासाभराने उतरल्या.

"दिसल्या आई?" मी विचारलं.

"घंटाघर मध्ये येतं, लोरिस. खिडकीच काय, आमची गल्लीसुद्धा दिसत नाही."

एकतीस वर्षं. हजारो माणसं खाली येऊन सांगत होती, दिसल्या हो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तुलियो हळूच म्हणाले, "मला मात्र खरंच दिसल्या होत्या."

बाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

संध्याकाळी त्यांच्या घरी सगळे जेवायला होतो. तोर्तेल्लिनी वाढता वाढता वांडाबाई लेकीला म्हणाल्या, "आज बरोबर साडेअकराला दिसलीस. डोक्यावर पाला होता."

"हो का," नीवेसबाई म्हणाल्या. "मलाही तुझं फडकं दिसलं."

दुसऱ्या दिवशी अकराला लाल छत्री आली. सांगणं तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. घंटाघर, डावा हात, हिरव्या झडपा. "तुम्हीही हात हलवा," नीवेसबाई म्हणाल्या, "तिला बरं वाटतं." आणि मी तिकिटं फाडायला लागलो.