कडी बाहेरून

सुजाता, रोहन,

तुम्ही दोघं भावंडं लांब आहात, आणि फोनवर मला हे सांगवत नाही. म्हणून लिहिते आहे. सुजाता, तुझ्या बाळाची बुद्धीची वाढ मंद राहील असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तू विचारलंस, "आजी, आपल्या घरात पूर्वी असं कुणी होतं का?" मी बोलायच्या आत तुझ्या बाबाने फोन घेऊन "नाही" सांगून टाकलं.

होता. माझा थोरला भाऊ. दादा.

पांढरकवड्याकडचा एक धर्मादाय दवाखाना. सिस्टरने दोन बोटांनी दादाचं नाक दाबलं, तोंड उघडल्याबरोबर आत पाणी ओतलं. तिशीतला माणूस. ठसकला. हात झाडला. सिस्टरची टोपी खाली पडली.

"पाहिलंत? अंगावर येतो. मागच्या खोलीत न्या ह्याला. बांधून ठेवा."

अंगावर येणाऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, नुकतीच मास्तरीण. दादाला अक्षर येत नव्हतं. बोलणं दोन-चार शब्दांचं. पण कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरताना वर चढून कापूस तुडवावा तर दादानेच. हसत तुडवायचा. तसाच एकदा वरून पडला, पाय मोडला.

त्याची एक रीत होती. पाणी असो, पेज असो, देणाऱ्याने आधी घोट घ्यायचा, मग तो पिणार. लहानपणी आई गरम आहे का ते चाखून द्यायची, तेव्हापासूनची. ग्लास पुढे करून म्हणायचा, "आंधी तू."

मी हे सिस्टरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"ह्याच्या ग्लासला मी तोंड लावू? तुमच्यात चालत असेल."

"मग मला थांबू द्या. मी पाजते."

"भेटीची वेळ संध्याकाळची."

म्हणजे दादा रोज संध्याकाळपर्यंत तहानलेला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी वेळ नसताना गेले आणि ते नाक दाबणं डोळ्यांनी पाहिलं.

मागच्या खोलीला पत्र्याचं छप्पर, उंचावर एक जाळी. दाराला कडी, ती बाहेरून. वॉर्डबॉयने पट्ट्यांनी दादाचे दोन्ही हात लोखंडी खाटेला बांधले. मी डॉक्टरांकडे धावले. इस्त्रीची साडी. इंग्रजी जिभेवर तयार. "ही इज नॉट मॅड, सर. ही इज थर्स्टी."

डॉक्टर हसले. माझ्याकडे नाही, कंपाउंडरकडे बघून. "घ्या. आता ह्यांच्याकडून इंग्रजी शिकायचं."

"सर, त्याला बांधलंय..."

"एवढा पुळका आहे तर जाऊन बसा त्याच्याजवळ."

मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि मागे कडी सरकली.

"बस आता येड्यासंगं," वॉर्डबॉय बाहेरून म्हणाला. "दोघं मिळून इंग्रजी झाडा!"

कुणीतरी खिदळलं.

मी दार बडवलं. इंग्रजीत ओरडले. मराठीत ओरडले. मग नुसतीच ओरडले. पत्रा तापत होता. फिनेलच्या वासाने डोकं भणभणत होतं. मी दादाच्या ओठांना ग्लास लावला. तोंड घट्ट मिटलेलं.

"आंधी तू."

घाईत मीच विसरले होते. मी घोट घेतला. मग तो प्यायला, घटाघटा, निम्मं छातीवर सांडत. पट्ट्यांच्या गाठी घामाने ओल्या होऊन आवळल्या होत्या. दातांनी सोडवल्या. मनगटांवर वळ.

तिथे मला कळलं. इंग्रजी आलं की आपण सुटलो, असं मी धरून चालले होते. त्या कडीला माझं मॅट्रिक दिसलं नाही. दादाला कोंडणारे हात मलाही कोंडू शकत होते, आणि हसू शकत होते.

उन्हं कलल्यावर दार उघडलं. डॉक्टर होते.

"चला बाई. मस्करी केली हो पोरांनी. तुम्ही शिकलेल्या, असं बसणं शोभत नाही."

मी उठले नाही. इंग्रजी आठवलंसुद्धा नाही. तोंडातून आईची बोली आली.

"मी नाही येत. त्याले वॉर्डात खाट द्या. माह्या हातानं पाणी पाजू द्या. नाही त लावा कडी. पण आता भेटीची वेळ हाय. लोक पाहून राह्यले."

भेटीला आलेली माणसं खरंच थांबली होती. त्यांच्यातली तांड्यावरची एक म्हातारी पुढे आली आणि सरळ उंबरठ्यावर बसली. "लाव बरं आता," ती वॉर्डबॉयला म्हणाली. "मले चेपून लाव."

वॉर्डात खाट मिळालीच नाही. व्हरांड्यात मिळाली, संडासाच्या दाराशी. मला दिवसा थांबू दिलं. हात पुन्हा बांधले नाहीत. माफी कुणी मागितली नाही.

पाय वाकडा जुळला. दादाने पुन्हा कापूस तुडवला नाही. माझ्या लग्नानंतरही तो माझ्याकडेच राहिला, आणि मरेपर्यंत दारातच बसला. एक पाय आत, एक बाहेर. कुणी दार लोटलं की किंचाळायचा. तुमचे बाबा त्याला ओलांडून शाळेत जायचे. आता म्हणतात, कुणी नव्हतं.

सुजाता, बाळाला कुठेही ठेवायची वेळ आली, तर माणसं गोड बोलतील, चादरी पांढऱ्या असतील. तू आधी दार बघ. कडी बाहेरून असेल तर बाळाला उचल. आणि गप्प निघून येऊ नकोस, आत दुसऱ्या कुणाचं मूल असेल. मला कळव. मी येईन आणि उंबरठ्यावर बसेन. आता मला कुणी उठवू शकत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी तिकडे जाऊन आले. दवाखान्याला नवा रंग दिलाय. मागची खोली आहे. कडी आहे. बाहेरूनच आहे.