काचेच्या नळ्यांतला मुकादम

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात पीएच.डी. करीत होतो. तेव्हा आमच्या विभागात परदेशातून एक पाहुणा आला. थर्माकोलच्या खोक्यात, धुरकटणाऱ्या कोरड्या बर्फात बसून. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी, आणि तिच्या तळाशी थेंबभर पाणी. माझ्या मार्गदर्शक सरांच्या एका शास्त्रज्ञ मित्राने ती भेट म्हणून पाठवली होती. त्या थेंबात मानवी प्रथिन होते, पण कोणा माणसातून काढलेले नव्हे. माणसाचा जीन जिवाणूंत घालून त्यांच्याकडून ते तयार करून घेतले होते. माझा सगळा प्रबंध त्या थेंबावर उभा राहायचा होता.

हे मी कळमेश्वरला घरी जाऊन सांगितले. सांगितले म्हणजे व्याख्यानच दिले. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, त्यामुळे माझे ऐकून घेणे घरच्यांना भाग असे. पेशीत असंख्य जीन असतात, कोणी कधी कामाला लागायचे हे असली प्रथिने ठरवतात, त्यासाठी ती डीएनएला नेमक्या जागी जाऊन धरतात, असे मी हवेत आकृत्या काढून समजावले. बाबा संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जात. सगळे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे मुकादम."

आईची शंका वेगळीच होती. "माणसाचंच हाय त मंग किड्याइच्या हातून काहून बनवते गा?"

मी चहा मागितला.

नागपूरला परतल्यावर सरांनी त्या थेंबाचे लहान लहान वाटे करून गोठवायला सांगितले आणि ते मुंबईला बैठकीला गेले. पाहुणा एकट्या माझ्या हवाली झाला, आणि माझे संस्कार जागे झाले. आमच्या घरी मास्तर किंवा सरपंच आले तरच फडताळातले काचेचे ग्लास निघत. प्लास्टिकचा ग्लास मोरीत असे. सातासमुद्रापलीकडून आलेल्याला मी प्लास्टिकात कसा ठेवणार? मी काचेच्या बारीक नळ्या काढल्या, आम्लाने धुतल्या, ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून काढल्या, उजेडात धरून पाहिल्या. सदरच्या बाजारातून नवी बुचे आणली. मग नळ्यांत त्या थेंबाचे वाटे सोडून गोठवले आणि स्वतःवर फार खूश झालो.

परीक्षा साधी होती. प्रथिनाने डीएनएचा तुकडा धरला की तो जेलच्या लिबलिबीत थरातून रेंगाळत खाली सरकतो, आणि फिल्मवर त्याची काळी रेघ वर उमटते. माझ्या फिल्मवर सगळे काळे खालीच होते. वर काही नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. मी डीएनएवर संशय घेतला, नळाच्या पाण्यावर घेतला, नागपूरच्या विजेवर घेतला. शेवटी सरांच्या मित्रावरही घेतला. स्वतःवर घ्यायचे राहून गेले.

घरी गेलो की बाबा विचारत, "आला का गा मुकादम कामावर?"

मी नाही म्हणे. "सुट्टीवर असन," ते माझी समजूत घालत.

सर परतले. त्यांनी फ्रीजर उघडला, त्या लखलखत्या नळ्या पाहिल्या आणि चष्मा काढून हातात घेतला. "हे काचेत कोणी ठेवलं?"

मी अभिमानाने माझे नाव सांगितले.

"अरे, इतकं थोडं प्रथिन काचेलाच चिकटून बसतं. म्हणून तर त्याने प्लास्टिकमध्ये पाठवलं. मुलगी बघायला आले होते का, की एवढी चकचकीत भांडी काढलीस?"

नळ्या टाकून दे, म्हणाले. मित्राकडे पुन्हा मागणे सरांच्या जिवावर येत होते. मागूनही त्याने नाही म्हटले असते तर माझा प्रबंध तिथेच संपत होता. मी नळ्या घेऊन प्रयोगशाळेतल्या मोरीशी गेलो आणि थबकलो. आमच्या घरी दुधाचे भांडे घासायला टाकण्याआधी थोड्या पाण्याने विसळतात आणि ते विसळण चहात जाते. तसे केल्याशिवाय भांडे टाकायला माझा हातच धजत नाही. प्रथिन नळ्यांच्या भिंतींना चिकटले होते, म्हणजे ते तिथेच होते. सौम्य साबणाच्या द्रावाने विसळून पाहू का, असे मी सरांना विचारले.

"पाहा. बिघडायचं ते बिघडलंच आहे."

सगळ्या नळ्यांचे विसळण मी एका कुपीत गोळा केले. या वेळी प्लास्टिकच्या. कुपी पाहुण्याचीच होती. रिकामी झालेली बाटली टाकायचीही आमच्या घरी पद्धत नाही.

त्या विसळणाची तीच परीक्षा घेतली आणि अंधारखोलीतून ओली फिल्म बाहेर आणली. वर, बरोबर जागेवर, एक करडी रेघ होती. सरांनी ती जवळून पाहिली, लांबून पाहिली आणि म्हणाले, "आहे." मग त्यांनी मित्राला काचेसकट सगळा प्रकार कळवला. त्याला इतके हसू आले म्हणे, की नवी कुपी लगेच आली.

त्या रविवारी बाबांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, "आला. पण पाय ओढत आला."

"आला ना? मंग हजेरी लाव त्याची."

प्रबंधात मी पहिली फिल्म तीच लावली. शेजारी शाईने बाण काढला, नाहीतर ती रेघ कोणाला दिसली नसती.