चांदीच्या महालातलं ऑफिस

प्रियदर्शनी गावंडे लग्न होऊन अकोल्याहून कोथरूडला आली, शाळेत गणित शिकवू लागली आणि बघता बघता पुणेकर झाली. पण दोन गोष्टी काही सुटल्या नाहीत. एक म्हणजे कुलूप लावल्यावर ‘गॅस बंद केला ना?’ म्हणून पुन्हा जिना चढणं आणि दुसरी महालक्ष्म्यांची हौस. पुण्यात त्यांना गौरी म्हणतात. तिच्या तोंडी मात्र महालक्ष्म्याच.

यंदा तिने कहरच केला. हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, पुठ्ठ्यांचा महाल उभारला आणि पूजेच्या सकाळी पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाने तो वरपासून खालपर्यंत मढवला. काय लखलखत होता म्हणून सांगू! पुढ्यात शालू नेसलेल्या ज्येष्ठा-कनिष्ठा, त्यांच्यापुढे फराळाची ताटं.

पूजेच्या दुपारी सलोनी आतल्या खोलीतून ओरडत आली. “आई, नेट गेलं!”

प्रियदर्शनीने घड्याळाकडे पाहिलं. लेकीला खराडीच्या कंपनीत लागून थोडेच महिने झाले होते. तीन वाजता साहेबांना काम दाखवायचं आणि त्यावर नोकरी पक्की व्हायची की नाही ते ठरायचं. मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत आणि गॅलरीखाली मंडळाचा स्पीकर!

राउटर महालामागच्या भिंतीवर होता. प्रियदर्शनीने फटीतून हात घालून तो बंद केला, चालू केला. काही नाही. गॅलरीत जाऊन नेटच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, लाइन व्यवस्थित आहे. दिवा हिरवा दिसतोय का?”

दिवा पाहायला हॉलमध्ये पळत येऊन हातआरसा आत सरकवावा लागला. दिवा हिरवागार! म्हणजे लाइन चालू, राउटर चालू, फक्त लेकीचं नशीब बंद. नोकरी गेली, पोरगी खचली, लग्नाचं लांबलं, इथवर प्रियदर्शनी एका दमात पोचलीसुद्धा.

सलोनी मोबाइल पुढे धरून घरभर हिंडली. स्वयंपाकघरात शून्य, हॉलमध्ये शून्य. महालाच्या कडेने डोकं आत घातलं आणि नेट फुल्ल!

“आई! तू राउटर डब्यासारखा पॅक केलायस! हा कागद सगळं अडवतोय!”

“अगं बाई! मग फाडू?”

“फाड ना!”

पण महाल सुतळीने महालक्ष्म्यांच्या स्टँडलाच बांधलेला. कागद ओढला की महाल हलणार आणि त्याबरोबर त्याही हलणार. आणि एकदा बसलेल्या महालक्ष्म्या विसर्जनाआधी कशा हलवायच्या? प्रियदर्शनीचा हात पुढे जाईना आणि मागेही येईना.

सलोनीने त्या हातभर जागेकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. “आई, लॅपटॉप दे.”

तीन वाजले तेव्हा ती भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांवर लॅपटॉप घेऊन, देवींच्या मागे बसलेली होती. आणि बरोबर तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या जोगळेकर काकू हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी चिमूटभर कुंकू ज्येष्ठेच्या कपाळाकडे नेलं, तोच आतून खणखणीत आवाज आला, “गुड आफ्टरनून! कॅन एव्हरीवन हिअर मी?”

कुंकू शालूवर सांडलं.

“प्रियदर्शनी,” काकू शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या विदर्भात गौरी बोलतात वाटतं? आमच्या इथे मुकाट्याने जेवतात.”

“काकू, श्शू! सलोनीची मीटिंग आहे!”

“आत?”

“आत.”

काकू खुर्ची ओढून ठाण मांडून बसल्या. मागून शेजारच्या दोघी आरतीचं तबक घेऊन आल्या, तर काकूंनीच बोट ओठांवर ठेवलं. “आरती नंतर. देवी कामात आहेत.”

एकीला हसू आवरेना. तिने पदर तोंडात कोंबला. दुसरी तिच्याकडे बघून गदगदू लागली. प्रियदर्शनी एका हाताने त्यांना दाबत होती, दुसरा हात देवीला जोडावा की कसं ते तिला कळत नव्हतं. आत सलोनी भरभर बोलत होती. मग लॅपटॉपमधून साहेब काहीतरी म्हणाले. प्रियदर्शनीने कान महालाला लावला.

महालाच्या कडेने, कनिष्ठेच्या मुकुटाशेजारी, सलोनीचं डोकं बाहेर आलं. केसांना चंदेरी कपटे चिकटलेले.

“आई, पक्की झाले!”

मग जो गलका झाला त्यात खालचा स्पीकरही हरला. प्रियदर्शनी हसत होती, रडत होती आणि मध्येच ओरडत होती, “अगं, ये की बाहेर! बसलीस काहून?”

“कशी येऊ? चारला टीमची मीटिंग आहे. उद्या विसर्जन होईपर्यंत माझं ऑफिस इथेच. पुरणपोळी आत दे!”

काकूंनी ताट उचललं आणि ते महालाच्या कडेने आत सरकवलं. “घ्या देवी. आणि प्रियदर्शनी, पुढच्या वर्षी महालाला दार ठेवा.”