शोभाची खोली

मी सुरतेला निघाले त्या सकाळी शिंदखेड्याच्या स्टेशनावर नाना सगळ्यांच्या मागे उभे होते. लग्न आदल्या दिवशीच झालं होतं. अंगावर लग्नातली पांढरी साडी तशीच होती, शेजारी नवी पत्र्याची पेटी. माय रडत होती, मावश्या रडत होत्या, माझा धाकटा भाऊ रवी पेटीवर बसून रुळांकडे बघत होता. नाना रडले नाहीत. गाडी दिसायला लागली तेव्हा ते पुढे आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुन्ही खोली तशीच राही, बाई," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तिन्ही बी."

गाडी सुटल्यावर नवऱ्यानं विचारलं, "ही 'ती' कोण?" नंदुरबार येईपर्यंत माझ्याच्यानं सांगवलं नाही.

ती म्हणजे शोभा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण.

आमचे वडील, नाना, गवंडी होते. पुढे लहानसहान ठेकेही घ्यायला लागले. शिंदखेड्याच्या नव्या वस्तीतली बरीच घरं त्यांच्या हातची. धुळ्यालाही त्यांना कामाला बोलवायचे. माय पहाटेच निंदणीला जायची, म्हणून शाळेच्या आधी आमच्या वेण्या नानाच घालायचे. तेल लावायचे, भांग पाडायचे. सिमेंटनं त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत आणि त्या भेगांत आमचे केस अडकत. मी कुरकुर करायचे. शोभा कधी करायची नाही. ती मान खाली घालून त्यांना विचारत राहायची, आज भिंत कुठपर्यंत जाईल, खिडकी कुठं येईल. दुपारी त्यांचा डबा तीच न्यायची. नाना जेवायचे आणि जेवता जेवता तिला दिवसाचं सगळं काम सांगायचे, जणू घरमालक तीच.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका बंगल्याचं काम चालू होतं. भिंतींना पाणी मारायला तिथं जमिनीत हौद बांधला होता, वर झाकण नाही. तेव्हा कुठल्याच हौदावर नसायचं. नाना जेवले, शोभाला म्हणाले, "जा आते घर," आणि आतल्या खोलीच्या गिलाव्याला लागले. ती घरी गेली असं ते धरून चालले. ती डबा धुवायला हौदावर गेली होती. बऱ्याच वेळानं एका मजूरबाईनं पाणी घ्यायला घमेलं आत घातलं.

नाना भिंतीच्या पलीकडेच होते. गिलावा करताना ते गुणगुणत असत. त्या दिवसानंतर त्यांचं गुणगुणणं कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर त्यांनी बांधलेल्या प्रत्येक घराच्या हौदावर दोन माणसांनी उचलावं असं झाकण असायचं. मालक नको म्हणाला तरी असायचं. आणि वर्षभरानं त्यांनी आमचं स्वतःचं घर बांधायला काढलं. तोवर आम्ही भाड्यानं राहत होतो. ठेक्याचं काम संपलं की संध्याकाळी, आठवडी बाजाराच्या दिवशी, सणाच्या दिवशी ते आमच्या प्लॉटवर असायचे. पुढं स्वयंपाकघर, मधे बैठक आणि मागच्या अंगाला ओळीनं तीन खोल्या. लोकांना कळेना. पोरं तर दोनच राहिली होती.

मायनं एकदाच विचारलं. नाना म्हणाले, "बठ्ठा पोरेसले एक एक खोली. तिले का बरं नही?"

"तिले बांधी ठेवू नका," माय म्हणाली. मग कित्येक वर्षं ती त्या खोलीत गेली नाही.

नानांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आमच्याकडे अंगारेधुपारे नव्हते, घरभरणीला बुद्धवंदना झाली. देवऋषीकडे जाणाऱ्या शेजाऱ्यांना नाना चारचौघांत समजावून सांगायचे. पण दिवेलागणीला तेच नाना हातपाय धुवून शोभाच्या खोलीत जायचे, दिवा लावायचे आणि बोलायचे. माझी खोली लागूनच होती. पुस्तक उघडं ठेवून मी ऐकत बसायचे. "आज स्लॅब पडना, शोभा. पानी भलतं लागनं." मग गप्प. कुणी काही विचारावं आणि आपण ऐकून घ्यावं, इतका वेळ गप्प. मग पुन्हा, "हां, पूर्वेलेच ठेवी खिडकी."

त्या मधल्या शांततेत मी श्वास रोखून धरायचे. मला काही ऐकू यायचं नाही. त्यांना येत असेल का, हा प्रश्न घेऊनच मी सासरी आले.

सुरतेच्या उधन्यात आम्हाला चाळीत एक खोली मिळाली. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, फिटर. दिवसरात्र मागांचा खडखडाट. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची. आपल्या खानदेशातून आलेली पुष्कळ माणसं त्या गल्लीत होती. तुमच्यापैकी जे तिकडे गेलात त्यांना ठाऊक आहे, पहिल्या वर्षी जीभ कशी अडखळते ते. नळावर भाषा गुजराती, खात्यात हिंदी, आणि घरात आल्यावर दार लावून आपलं अहिराणी 'शे' म्हणायचं. मी 'केम छो' शिकले, कढीत गूळ घालायला शिकले. फक्त दिवेलागणीला त्या खडखडाटातही मला पलीकडच्या खोलीत कुणी बोलतंय असं वाटायचं. पलीकडे खोलीच नव्हती, गल्ली होती.

दोन वर्षांनी बाळंतपणाला माहेरी आले. मायनं ठरवून टाकलं होतं, पोरीला त्या भिंतीशेजारी ठेवायचं नाही, दिवस भरत आले की धुळ्याला मावशीकडे न्यायचं.  पण वेळ आधीच आली. भर दुपारी कळा सुरू झाल्या, आणि मोटारीचा प्रवास झेपणार नव्हता. रवीनं दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावून आणलं. त्या घरभर फिरल्या. माझी खोली अंधारी, बैठकीत येणंजाणं. त्यांनी शोभाच्या खोलीचं दार ढकललं. आत रोज झाडलेली फरशी, मोठी खिडकी, स्वच्छ उजेड.

"इथंच घ्या," त्या म्हणाल्या.

माय दारात आडवी उभी राहिली. "तठे नका, सिस्टर."

"का? काय आहे तिथं?"

 मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून वाकले होते. नाना ओसरीवरून आत आले, मायचा हात हळूच चौकटीवरून काढला आणि म्हणाले, "जाऊ दे तिले. मन्ही पोर कोनले काय करी?"

तसेच ते बाहेर गेले. नर्सबाईंनी मला आत नेलं. मग मायनं उंबरा ओलांडला, माझ्यामागे बसली आणि माझी पाठ छातीशी धरली. कळ आली की ती माझ्या कानाशी एकच नाव घ्यायची. ते माझं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी झाली.

त्यानंतरचा सव्वा महिना ती खोली बायकांनी भरलेली होती. शेगडी, ओवा, बाळंतशेपा, टांगलेली झोळी. माय रात्रंदिवस तिथंच. शोभासाठी इतक्या वर्षांत न रडलेली ती त्या खोलीत बाळाला न्हाऊ घालता घालता रडली आणि हलकी झाली. नाव काय ठेवायचं यावर ती लगेच म्हणाली, शोभा. नाना दारातूनच म्हणाले, "ते नाव रिकामं नही." मग आम्ही प्रज्ञा ठेवलं.

नाना आत येत नसत. दिवेलागणीला हातपाय धुवून दारापर्यंत यायचे, आत बघायचे. दिवा लागलेला असायचा, बाळ रडत असायचं, कुणी मावशी काहीतरी सांगत असायची. ते थोडा वेळ थांबायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे. मला वाटायचं, बाळंतिणीची खोली म्हणून संकोच असेल.

मी सुरतेला परतल्यावर काय झालं ते मायनं पुढच्या खेपेला सांगितलं. मी गेले त्या संध्याकाळी ते शोभाच्या खोलीत गेले. माय बाहेर तांदूळ निवडत होती. बराच वेळ आतून आवाज नाही. मग ते बाहेर आले, तिच्याजवळ खाली बसले.

"आते ती मन्हासंगे बोलत नही," ते म्हणाले.

म्हणजे आजवर बोलत होती का, हे मायनं त्यांना विचारलं नाही. मीही मायला विचारलं नाही.

नाना पुढे सात वर्षं जगले. काम चालूच होतं. सुरतेला यायचे, प्रज्ञाच्या वेण्या घालायचे, तिला उसाचा रस पाजायला न्यायचे. रवीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्याची गादी स्वतः बांधून दिली. कुठं कमी पडले नाहीत. पण बोलता बोलता मधेच थांबायचे आणि कान दिल्यासारखे बसायचे. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात धुळ्याला एका घराच्या गिलाव्यावर असताना ते परांचीवरून खाली उतरले, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसले. पाणी आणणाऱ्याला वाटलं, डोळा लागला.

सगळं आटोपल्यावर मी मायला सोबत चल म्हणून फार विनवलं. रवीनंही विनवलं. ती ऐकेना. तिनं तिचं अंथरूण शोभाच्या खोलीत हलवलं होतं. निघायच्या दिवशी मी पेटी भरत होते आणि सहज बोलून गेले, "घरी पोचले की शेजाऱ्यांकडे फोन करते." बोलल्यावर लक्षात आलं, मी सुरतेला घर म्हणाले होते, मायच्या तोंडावर, नानांनी बांधलेल्या भिंतींत बसून.

मायला वाईट वाटलं नाही. तिनं माझ्या पेटीत शेवया ठेवल्या, वरून फडकं घातलं.

"हां, तुन्हं घर तठेच शे आते," ती म्हणाली. "मन्ही काळजी करू नको. आठे आम्ही तिन्ही शेतस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती चुकून बोलली नव्हती.

उधन्यात अजूनही कुणी नवं माणूस भेटलं, आपल्याकडचं निघालं, तर विचारतं, शिंदखेड्याला आता कोण असतं तुमचं?

मी सांगते, तिघं असतात.