चेहऱ्याचं ताट

सोलापुरातल्या एका फोटो स्टुडिओत मी झाडलोट करते. चार माणसांत मला बोलता येत नाही. फरशी पुसता पुसता बघते मात्र सगळं.

स्थळासाठी फोटो काढायला मुली येतात. पद्धत ठरलेली आहे. पावडर दाट लावायची आणि समोरचे दोन्ही दिवे पेटवायचे. मुलगी गोरी दिसते, आईला बरं वाटतं. म्हातारे मालक नुसते बसून असतात. फोटो त्यांची सून काढते.

माझ्या मुलीच्या वेळी मात्र मालक उठले. भिंतीवर त्यांच्या वडिलांनी तैलरंगात काढलेलं एका बाईचं चित्र आहे. ते दाखवून म्हणाले, "अर्धा गाल अंधारात हाय, म्हणून नाक-हनुवटी दिसतीया. सगळीकडनं उजेड मारला की चेहऱ्याचं ताट हुतंय."

"मामा, आज लईच रंगात आलाय की," सून हसली.

त्यांनी दिवे बंद केले आणि मुलीला दाराच्या उजेडात तिरकं बसवलं. कॅमेऱ्याला लांबची लेन्स लावून सुनेला पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवलं. "जवळ गेलं की नाक पुढं पळतंय. तू लांबच थांब."

फोटोत माझी मुलगी होती तशी आली. एक गाल सावलीत, रंग सावळा.

"काळी दिसतीया की," मी हळूच म्हणाले.

"आई, मला हाच पायजे," मुलगी म्हणाली.

मालक जेवायला गेल्यावर मी सुनेकडून मुलीचा नेहमीसारखा गोरा फोटो काढून घेतला. मध्यस्थ बाईंना तोच पाठवला.

मंगळवेढ्याची माणसं बघायला आली. मुलाच्या आत्याने मोबाइलमध्ये बघितलं, मुलीकडे बघितलं, परत मोबाइलमध्ये बघितलं.

"फोटोतली धाकटी का?"

मला एकच मुलगी आहे. पोहे खाऊन ती माणसं गेली. पुढे निरोप आला नाही.

ताटल्या विसळताना मुलगी म्हणाली, "मी काळी हाय हे त्यांना आज कळलं. तुला तर आदीपासनं म्हाईत हुतं की."

मी पोह्यांची कढई घासायला घेतली.

परवा वळसंगचं स्थळ सांगून आलं. मुलीने सावलीतला फोटो स्वतःच्या मोबाइलवरून पाठवला. मला विचारलं नाही. त्यांचा अजून फोन नाही. ती निवांत आहे. मला मात्र राहून राहून वाटतं, मध्यस्थ बाईंना एकदा विचारावं, फोटो पोचला का. पण मी विचारत नाही.